नैरोबीत दहा दिवस : लोकसंख्यावाल्यांसाठी थोडं कामाचं

मुंबईत देवनारला आयआयपीएसमध्ये, म्हणजे लोकसंख्येचा अभ्यास शिकवणाऱ्या संस्थेत, शिकत होतो तेव्हा हॉस्टेलला माझ्या शेजारच्या खोलीत एक नायजेरियन पोरगा होता, मेसच्या आमटीला रोज नावं ठेवायचा आणि रोज दोन वाट्या प्यायचा. पुढे तो तिकडे इबादानला युनिव्हर्सिटीत लेक्चरर झाला, फेलोशिपवर पीएचडी केली, आणि यंदा जुलैत दोन महिने नैरोबीत होता. म्हणाला ये, तर गेलो. प्रवास कसा केला आणि तिथली एपीएचआरसी ही लोकसंख्या-आरोग्यावर संशोधन करणारी संस्था कशी आहे, असं ग्रुपवर तीन-चार जणांनी विचारलं म्हणून लिहितोय.

आधी यलो फीव्हर. केनियाहून परत येताना आपल्याकडे त्याचं सर्टिफिकेट बघतात, आणि लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली लागते, नाहीतर क्वारंटाईन. लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य सेंटरलाच मिळते, आणि तिथे ठरलेले वार असतात. मी दोनदा चुकीच्या वारी गेलो. एकदा घेतली की जन्मभर चालते हे मात्र चांगलंय. व्हिसाच्या जागी आता ईटीए म्हणजे प्रवासाआधी घ्यायची परवानगी आहे, जानेवारी २०२४ पासून, ऑनलाईन भरायचं, ३० डॉलरच्या आसपास पडतात. आणि स्वेटर न्या हो! आफ्रिका म्हणून मी चार कॉटनचे शर्ट घेऊन गेलो, नैरोबी १७०० मीटरवर आहे, जुलैत तिकडे हिवाळा, पहिल्या रात्री अंगावर टॉवेल घेऊन झोपलो. प्लास्टिकच्या कॅरीबॅग नेऊ नका, २०१७ पासून बंदी आहे, आईने चकल्या ज्या पिशवीत बांधल्या होत्या ती घरीच बदलली.

आता मुख्य विषय. मला बघायची होती ती जागा म्हणजे एपीएचआरसी, आफ्रिकन पॉप्युलेशन अँड हेल्थ रिसर्च सेंटर. कितिसुरू भागात, किरावा रोडच्या आत, गर्द झाडी, गेटवर नाव-पासपोर्ट लिहून आत. आज एवढी मोठी संस्था दिसते पण सुरुवात झाली ती फक्त एका फेलोशिपपासून. १९९५ साली न्यूयॉर्कच्या पॉप्युलेशन कौन्सिलने रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशावर नैरोबीत हा कार्यक्रम काढला, नुकती पीएचडी झालेल्या आफ्रिकन अभ्यासकांनी इथे बसून लोकसंख्या धोरणावर काम करायचं. २००१ मध्ये तीच फेलोशिप स्वतंत्र संस्था झाली. पुढची बरीच वर्षं अ‍ॅलेक्स एझे म्हणून नायजेरियन डेमोग्राफर (लोकसंख्येचे अभ्यासक) प्रमुख होते, २०१७ पासून कॅथरीन क्योबुटुंगी आहेत, त्या युगांडाच्या.

यातली गंमत मला तिथे गेल्यावर कळली. १९६५ मध्ये ह्याच पॉप्युलेशन कौन्सिलची टीम केनिया सरकारने सल्ल्यासाठी बोलावली होती, काही आठवडे फिरली, रिपोर्ट दिला, आणि १९६७ ला केनियाने कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला, सहाराच्या दक्षिणेत सगळ्यात आधी. कागदावर झकास. पण सत्तरच्या दशकाच्या शेवटी बघतात तर बाईमागे मुलं सरासरी ८! मित्र म्हणतो, पाहुण्याने येऊन घरातल्या पोरांची संख्या ठरवली तर ऐकणार कोण. मला हे जरा जास्तच सोपं वाटतं, मुलं जगण्याचं प्रमाण, मुलींचं शिक्षण, बरंच काही असतं त्यात, आणि नंतर आकडा खाली आलाच की, १९८९ ला ६.७, २०२२ च्या सर्व्हेत ३.४. पण त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, कारण प्रश्न कोण विचारतो त्यावर काय मोजलं जातं ते ठरतं.

उदाहरण सांगतो. २००० मध्ये एपीएचआरसीच्या लोकांनी नैरोबीच्या झोपडपट्ट्यांचा वेगळा सर्व्हे केला. तोवर सगळे म्हणायचे शहरात मुलं जास्त जगतात, कारण शहराची सरासरी चांगली दिसायची. ह्यांना झोपडपट्टीत पाच वर्षांखालचे मृत्यू हजारी १५१ सापडले, देशाची सरासरी तेव्हा ११२, आणि खेड्यांपेक्षाही हे वाईट. बंगल्यांच्या सरासरीखाली झोपड्या झाकल्या गेल्या होत्या! त्यातूनच पुढे कोरोगोचो आणि विवांदानी ह्या दोन झोपडपट्ट्यांत घरोघरी नियमित नोंदी सुरू झाल्या, जन्म, मृत्यू, कोण आलं कोण गेलं. आपल्या पुण्याजवळ वढूला केईएम हॉस्पिटलवाले २००२ पासून हेच करतात, वढू माहीत असेल तर तिथलं सगळं पटकन समजतं. फरक एवढाच की वढूत घर सापडतं, इथे सहा महिन्यांनी गेलं तर अख्खी गल्लीच दुसरीकडे राहायला गेलेली असते.

कोरोगोचोला एकटं जाऊ नका, आणि फोटो तर नकोच. मी तिथल्याच एका फील्डवालीबरोबर गेलो, ती आधी गल्लीतल्या म्हाताऱ्यांना भेटली, मग आम्ही. शेजारी दांडोराचं डम्पिंग ग्राउंड आहे, देवनारमध्ये राहिलेल्या माणसाला तो वास लगेच ओळखू येतो, दोन मिनिटं मी काही बोललोच नाही. नुसतं भेटायला जायचं तर ठीक, पण रिसर्च करायचा असेल तर नाकोस्टीचं, म्हणजे तिथल्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेचं, परमिट आधी काढा.

फेलोशिपबद्दल सगळ्यांनी एकच विचारलं, आपल्याला मिळेल का. नाही मिळणार, ती आफ्रिकन लोकांसाठीच आहे, पण आपल्या बॅचला तिकडची पोरं असतात त्यांना सांगा. माझ्या मित्राची होती ती कार्टा नावाची पीएचडीची फेलोशिप, २००८ पासूनची, एपीएचआरसी आणि जोहान्सबर्गची विट्स युनिव्हर्सिटी मिळून चालवतात. त्यातली अट मला सगळ्यात आवडली, उमेदवार आफ्रिकेतल्या ठरलेल्या युनिव्हर्सिट्यांपैकी एकीत आधीपासून नोकरीला पाहिजे, माकेरेरे, इबादान, मोई, नैरोबी, मलावी, रवांडा वगैरे. म्हणजे पीएचडी करून माणूस लंडनला गायब होत नाही, आपल्याच डिपार्टमेंटला परत येतो. मधेमधे चार सेमिनारना सगळ्या देशांतले फेलो एकत्र बसतात, तिथे एकमेकांचं लिखाण फाडतात म्हणे. वयाची अट पुरुषांना ४० आणि बायकांना ४५ होती, ही पाच वर्षांची सूट आपल्याकडेही कुणीतरी ठेवायला हवी. नियम बदलत असतात, अर्ज करणाऱ्याने साईट बघूनच करावा.

वातावरण तसं काळजीचंच होतं पण. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने डीएचएस सर्व्हेचा, म्हणजे गरीब देशांत घरोघरी जाऊन जन्म, मृत्यू, आरोग्य मोजणाऱ्या सर्व्हेचा पैसा थांबवला, तेव्हापासून कँटीनमध्ये तोच विषय असतो म्हणाले. ज्यांना डेटा हवाय त्यांनी एपीएचआरसीच्या मायक्रोडेटा (सर्व्हेतल्या मूळ नोंदींच्या) पोर्टलवर रिक्वेस्ट टाका, त्यासाठी नैरोबीला जायची गरज नाही.

खाण्याचं शाकाहाऱ्यांनी टेन्शन घेऊ नये. गिथेरी म्हणजे मका आणि राजम्याची उसळ, उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि सोबत सुकुमा विकी नावाची पालेभाजी, नावाचा अर्थच ‘आठवडा ढकल’! चपाती चपातीच, दुकानाला दुका, हिशोबाला हेसाबू, विम्याला बिमा. एअरपोर्टवरच पासपोर्ट दाखवून सिम घ्या आणि एम-पेसा, म्हणजे मोबाईलवरून पैसे द्यायची सोय, चालू करून घ्या, भाजीवालीपासून टॅक्सीपर्यंत सगळे त्यावरच घेतात. मटाटूत, म्हणजे तिथल्या मिनीबसमध्ये, बसायचं तर मोबाईल खिडकीजवळ धरू नका.

परत निघताना चेक-इनला बॅग वजनावर ठेवली आणि मित्राने विचारलं, यलो फीव्हरचं पिवळं कार्ड कुठंय? बॅगेत, तळाशी. तिथेच फरशीवर बॅग उघडली, चहाचे पुडे, मळके कपडे, सगळं बाहेर. मागच्या लाईनीतले एक गुजराती काका म्हणाले, निवांत शोधा, प्रत्येक फ्लाईटला एक जण असतोच.