बारीक माणसाला कशाला शुगर होतेय?

उत्तर आधीच देऊन टाकते. होतो, बारीक माणसांनाही डायबेटिस होतो आणि तो काही लाखात एखाद्यालाच होतो असंही नाही. मी स्वतः पाप्याचं पितर कॅटेगरीतली, लहानपणापासून "खातेस ते जातं कुठे" ऐकत आलेली, आणि आजही शुगर चेक करून आले म्हटलं की समोरचा हसतोच, तुला कसली शुगर, अंगावर मांस तरी आहे का. गंमत म्हणजे त्या टोमण्यातच अर्धं उत्तर आहे. मांस नाही म्हणजे स्नायू कमी, आणि जेवल्यावर रक्तात आलेली साखर इन्सुलिन जिकडे पाठवतं त्यात सगळ्यात मोठा वाटा स्नायूंचाच असतो. स्नायूच कमी असतील तर ती साखर जाणार कुठे?

दुसरं म्हणजे चरबी. आपण चरबीला सरसकट शिव्या घालतो पण कातडीखालची चरबी, मांड्यांवरची, नितंबांवरची, ही तशी निरुपद्रवी असते, उलट ती कामाची असते कारण जास्तीची एनर्जी तिथे सुरक्षित पडून राहते. काही लोकांचं हे गोदामच मुळात छोटं असतं, म्हणजे वजन जरासं वाढलं की ते भरतं आणि मग पुढचा माल लिव्हरमध्ये, पॅनक्रियाजमध्ये (स्वादुपिंडात), पोटातल्या अवयवांभोवती जाऊन पडतो, आणि तिथे गेलेली चरबी मात्र इन्सुलिनचं काम बिघडवते, बीटा सेल्सना, म्हणजे पॅनक्रियाजमधल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना, थकवते. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे लिपोडिस्ट्रॉफी नावाचा दुर्मिळ आजार, यात कातडीखाली चरबी जवळजवळ नसतेच, माणूस दिसायला एकदम पीळदार, आणि तरी भयंकर इन्सुलिन रेझिस्टन्स (म्हणजे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही), फॅटी लिव्हर, डायबेटिस सगळं हजर.

यावर माझं सगळ्यात आवडतं उदाहरण २००४ सालचं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन, दोघंही डायबेटिसवर काम करणारे, यांनी लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये स्वतःचाच शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या हिशोबात वजन किती ते सांगणारा आकडा) सेम, २२.३, म्हणजे चार्टप्रमाणे दोघंही नॉर्मल. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाट्याला यातलं काहीच दिसत नाही. म्हणून तर आशियाई वंशाच्या लोकांसाठी बीएमआय २५ ऐवजी २३ पासूनच सावध व्हा म्हणतात, आणि कंबर मोजा म्हणतात, पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत. हातपाय काड्या आणि पोट तेवढं पुढे, अशी बॉडी असेल तर बारीक आहे म्हणून खूश होण्यात काही अर्थ नाही.

हे झालं टाइप टूचं, म्हणजे इन्सुलिन असूनही ते नीट काम करत नाही त्या नेहमीच्या डायबेटिसचं. पण बारीक माणसाला शुगर निघाली की ती टाइप टूच असेल असं धरून चालणं मला खरंच डेंजरस वाटतं. टाइप वन, ज्यात शरीर इन्सुलिन बनवणंच जवळजवळ थांबवतं, फक्त लहान मुलांना होतो हा असाच एक गैरसमज, तो कुठल्याही वयात होऊ शकतो. मोठेपणी हळूहळू येणारा त्याचाच एक प्रकार आहे, त्याला लाडा म्हणतात (नाव लाडाचं, काम नाही). यात शरीराची स्वतःचीच इम्युनिटी बीटा सेल्स मारत असते पण सावकाश, त्यामुळे सुरुवातीला गोळ्यांनी शुगर कंट्रोलमध्ये दिसते, टाइप टूचा शिक्का बसतो, आणि मग काही महिन्यांनी किंवा वर्षांनी गोळ्या वाढवत नेल्या तरी आकडे ऐकत नाहीत आणि पेशंटलाच बोलणी बसतात की पथ्य पाळत नाहीस. गॅड अँटिबॉडी (इम्युनिटीचा हल्ला चालू आहे का) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय) या ब्लड टेस्टवरून बरंच कळतं. तसाच मोडी नावाचा प्रकार, एकाच जीनमधल्या बिघाडाने होणारा, घरात पिढ्यानपिढ्या तरुण वयातच शुगर असते, आणि त्याच्या काही प्रकारांत इन्सुलिनऐवजी साध्या गोळीवर काम भागतं. पॅनक्रियाजला वारंवार सूज येऊन गेली असेल किंवा स्टेरॉइड्स चालू असतील तरी शुगर वाढते, तिथे जाडेपणाचा संबंधच नाही.

आणि कुपोषणातून होणारा डायबेटिस, त्याची तर वेगळीच कथा. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याला वेगळा प्रकार मानलं, १९९९ मध्ये यादीतून काढून टाकलं, आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय डायबेटिस फेडरेशनने त्याला टाइप फाइव्ह म्हणून पुन्हा जागा दिली. चरकसंहितेत प्रमेहाचे (ज्यात मधुमेहही येतो) रोगी स्थूल आणि कृश असे दोन वेगळे सांगून उपचारही वेगळे दिलेत, कृशाला पोषण द्या म्हटलंय. त्यामुळे बारीक माणसाला डायबेटिस कसा हे आश्चर्य मला जरा उशिराचंच वाटतं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा प्लीज. काहीही न करता वजन उतरतंय, सारखी तहान, रात्री उठून उठून लघवीला जाणं, आणि लोक म्हणतायत वा किती बारीक झालीस, तर तेव्हा कौतुक राहू दे, शुगर बघा. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीवाटे बाहेर पडायला लागते, सोबत पाणीही जातं आणि वजन घटतं. त्यात उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास असं काही सुरू झालं तर उद्यावर न ढकलता त्याच क्षणी हॉस्पिटल. एरवी उपाशीपोटीची शुगर १२६ किंवा जास्त, नाहीतर एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) ६.५ किंवा जास्त म्हणजे डायबेटिस (लक्षणं नसतील तर एकदा रिपीट करून खात्री करतात), एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. अ‍ॅनिमिया असेल तर एचबीएवनसी फसवू शकतं हेही डॉक्टरांना आठवण करून द्या.

मग बारीक माणसाने करायचं काय, वजन कमी कर हा ठरलेला सल्ला त्याला कसा देणार? स्नायू वाढवणं, म्हणजे वजनं उचलणं, पुरेसं प्रोटीन, हे तर आहेच, नुसतं चालणं पुरत नाही. पण न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांच्या टीमने टाइप टू असलेल्या, लठ्ठ नसलेल्या २० जणांचं वजन डाएटने कमी करवलं तर १४ जणांचा डायबेटिस रिमिशनमध्ये गेला, म्हणजे औषधांशिवाय शुगर डायबेटिसच्या रेषेखाली आली, लिव्हर आणि पॅनक्रियाजमधली चरबी उतरली म्हणून. अभ्यास छोटा आहे पण भारी आहे. फक्त हे वाचून उद्यापासून उपाशी राहायला सुरुवात करू नका, कारण तुमचा प्रकार लाडा निघाला तर तिथे चरबीचा प्रश्नच नसतो, इन्सुलिनच संपत चाललेलं असतं, आणि ते बाहेरूनच द्यावं लागतं.