समासातली पऱ्हाटी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी सातवीला विज्ञान शिकवतो. पुस्तकं सरकारकडून फुकट येतात, पण कधी कमी पडतात. म्हणून वर्ष संपलं की जुनी गोळा करून ठेवतो. त्यामुळे ‘पुस्तकावर रेघ ओढायची नाही’ हे माझं ठरलेलं वाक्य. २०२३ मध्ये बालभारतीच्या पुस्तकांत ‘माझी नोंद’ लिहायला कोरी पानं आली, तर त्यांवरही मी फळ्यावरची उत्तरंच उतरवून घेत होतो.

२०२४ चा ऑगस्ट. झड लागलेली, निम्मा वर्ग रिकामा. पुस्तकं पाहताना एका मुलीच्या पुस्तकात मुळांच्या पाठाचा समास पेन्सिलीनं भरलेला दिसला. मी चिडलोच.

“पुसून टाकतो सर,” ती घाबरून म्हणाली.

खोडरबर हातात घेण्याआधी मी वाचलं. सोटमुळाशेजारी: ‘पऱ्हाटी. उपटतानी हात सोलते.’ (पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड.) तंतुमय मुळाशेजारी: ‘ज्वारीचं धसकट. लवकर निंगते.’ खाली: ‘मंग तूर? गाठी काहून? रोग हाय का?’

कोऱ्या पानावर का नाही लिहिलं, विचारलं. “ते पान मांगं हाय सर, चित्र तं इथं हाय.”

दुसऱ्या दिवशी ती तुरीचं रोप मुळासकट घेऊन आली. मी एक गाठ नखानं फोडली. आतून गुलाबी निघाली. या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात, हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल असा करून देतात, हे सांगितलं. मागच्या बाकावरचा एरवी गप्प असणारा पोरगा उठला: “म्हून बाबा पेरायच्या आंधी बियाले काळी पावडर लावते!” तो जिवाणू खताचाच पुडा. इतक्या वर्षांत ही गोष्ट माझ्या तासाला एकदाही निघाली नव्हती.

दुसऱ्या एका मुलानं अख्खं पान स्केचपेननं पिवळं केलं होतं. त्याला विचारलं तर एक शब्द सांगता येईना. रेघ ओढताना डोकं थांबलं तरी चालतं. स्वतःचं वाक्य लिहायला समजावंच लागतं. हे मला त्या दोन दिवसांत पटलं.

२०२५ मध्ये कोरी पानं काढून टाकली. मी मात्र आता समासात लिहायला सांगतो, फक्त पेन्सिलीनं. जुनी पुस्तकं गोळा करताना काही पुसत नाही.

तिचं पुस्तक यंदा एका मुलाकडे गेलं. ‘रोग हाय का?’च्या खाली त्यानं बारीक अक्षरात लिहिलंय: ‘नाई. सोयाबीनले पण हाय. म्या उपटून पाह्यलं.’