थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला कुठली बिअर? सेझाँ, डुबेल आणि बाकीचे उमेदवार

सप्टेंबरचा दुसरा आठवडा

अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. घरी केलेल्या बिअरला बाटलीत मुरायला महिना तरी द्यायचा तर ऑक्टोबरच्या मध्याला बॉटलिंग उरकायला हवं, म्हणजे भांडं आत्ताच चढायला हवं. यंदा जेवण इथे ओहायोत, क्लीव्हलँडलाच, मित्राकडे. टर्की त्यांची, बाकी ज्याने त्याने काहीतरी घेऊन जायचं. मसालेभात आमच्याकडे आला, आणि वहिनींनी फोन ठेवता ठेवता सांगितलं, "भावजी, बिअर तुमचीच आणा. पण मागच्यासारखी कडूजहर नको हं." मागच्या वेळची आयपीए (हॉप्स या कडू फुलांचा भरपूर मारा असलेली बिअर) होती आणि मला ती अजूनही आवडते, पण मुद्दा त्यांचा बरोबर आहे.

घरी बिअर करणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांना अशा वेळी सहा प्रकारच्या बाटल्या नेऊन टेबलावर मांडायचा मोह होतो. मग जेवण बाजूला राहतं आणि यजमानांची तोंडी परीक्षा सुरू होते: "यात लवंग लागते का? आणि शेवटी थोडं मनुक्यासारखं?" यंदा ठरवलंय, एकच बिअर न्यायची आणि ती पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत चालली पाहिजे.

घरचे उमेदवार दोन. उन्हाळ्याच्या तोंडाला केलेली डुबेल, म्हणजे बेल्जियन पद्धतीची गडद, गोडसर बिअर, तळघरात आहेच. दुसरी सेझाँ, म्हणजे बेल्जियन पद्धतीचीच फिकट, कोरडी बिअर, ती आज चढवली. १९ लिटरला साडेतीन किलो पिल्सनर मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं जव), ४०० ग्रॅम गहू मॉल्ट आणि ३०० ग्रॅम साधी साखर. मॅश, म्हणजे मॉल्ट गरम पाण्यात भिजवणं, ६४ अंशावर, कारण मला ती कोरडी ठणठणीत, गोडवा न उरलेली हवी आहे. हॉप्स फक्त ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे, कडूपणा २५ आयबीयूच्या (कडूपणाचं एकक) आसपास. सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, १.०५४; साखरेची दारू होत जाते तसा हा आकडा उतरतो. यीस्ट वायीस्ट कंपनीचं ३७२४, म्हणजे बेल्जियमच्या तूर्प गावातल्या ड्युपाँ ब्रुअरीचं म्हणून आपण सगळे वापरतो ते.

सप्टेंबरअखेर

३७२४ वापरलेल्यांना पुढची गोष्ट माहीतच आहे. तीन-चार दिवस धडाक्यात चाललं आणि १.०३२ वर येऊन बसलं. एअरलॉकमध्ये (भांड्यातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीत) बुडबुडा नाही, वर फेस नाही, सगळं थंड. या यीस्टचा स्वभावच तो. काही जण अशा वेळी ३७११ हे दुसरं सेझाँ यीस्ट टाकून मोकळे होतात. काम होतं, पण मग चवही ३७११ची येते, मिरीचा झणका कमी होतो. मी ऊब देणाऱ्यांच्या पक्षातला. फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) मोठ्या टबात ठेवला, टबात पाणी, पाण्यात फिशटँकचा हीटर, वरून जुनी गोधडी. पाणी ३२ अंशावर. ओहायोत सप्टेंबर सरता सरता तळघर गार पडायला लागतं, त्यामुळे हीटरशिवाय गत्यंतर नाही. दुसऱ्या दिवशी एअरलॉक पुन्हा बोलायला लागला.

ऑक्टोबर, बॉटलिंग

१.००४ वर थांबली. दोन वेळा मोजून आकडा हललेला नाही याची खात्री केली. हे यीस्ट अर्ध्यावर झोपतं आणि बाटलीत जागं होतं, तेव्हा घाई करायची नाही. अल्कोहोल साडेसहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ड्युपाँच्या सेझाँइतकंच.

हाती आलेल्या १८ लिटरला १६० ग्रॅम साखर. हिशेबाने तीन व्हॉल्यूमच्या (बिअरच्या तिप्पट आकारमानाचा वायू) जवळ फेस यायला हवा. म्हणून ३५५ मिलीच्या नेहमीच्या बाटल्या बाद, त्यांचा भरवसा नाही. सगळी बिअर ७५० मिलीच्या जाड काचेच्या बाटल्यांत भरली. नव्यांसाठी एक सूचना: अमेरिकन स्पार्कलिंग वाइनच्या बाटलीला आपलं नेहमीचं २६ मिलिमीटरचं झाकण बसतं, युरोपातून आलेल्या बहुतेक बाटल्यांना २९चं लागतं आणि कॅपरची (झाकण दाबून बसवणाऱ्या यंत्राची) घंटीही बदलावी लागते. भंगारातून बाटल्या गोळा करताना खिशात एक झाकण ठेवायचं आणि तिथेच लावून बघायचं.

वाटून प्यायची तर बाटली मोठीच हवी. छोटी बाटली एकाच्या हातात जाते आणि तिथेच राहते. ७५० मिलीची टेबलाच्या मध्यावर ठेवली की कुणीतरी शेजारच्याला ओततंच.

नोव्हेंबर, रंगीत तालीम

टर्कीऐवजी कोंबडी भाजली, सेज-थाइम-लोणी तसंच चोळून. बरोबर ब्रेडचं स्टफिंग, ग्रेव्ही, क्रॅनबेरी सॉस, ब्राउन शुगर घातलेली रताळी आणि आपला मसालेभात. ब्रूइंगमधले दोघं मित्र आणि घरची मंडळी. घरच्या दोन बिअर, शिवाय दुकानातून आणलेल्या तीन.

सिएरा नेवाडा ब्रुअरीची सेलिब्रेशन सगळ्यात आधी उघडली. १९८१पासून दर हिवाळ्याला येते, त्या हंगामाच्या ताज्या हॉप्सची, ६.८ टक्के. नुसती प्यायला अप्रतिम, सेज लावलेल्या कातडीबरोबरही छान. क्रॅनबेरीच्या चमच्यानंतर मात्र कडवटपणा धातूसारखा जिभेवर चिकटून राहिला. आणि मसालेभाताबरोबर तर विचारूच नका. तिखट आणि कडू समोरासमोर आले की दोघंही आवाज चढवतात. पोरीने घास अर्धवट टाकून दही मागितलं, आणि तिने तर बिअर चाखलीही नव्हती. मसाल्यात माझाच हात सैल सुटला होता बहुतेक.

ग्रेट लेक्स ब्रुअरीची ख्रिसमस एल आमच्या गावची लाडकी. मध, दालचिनी, आलं, साडेसात टक्के. इथल्या बारमध्ये ग्लासच्या कडेला दालचिनी-साखर लावून देतात. गावात राहून तिच्याविरुद्ध लिहिणं धाडसाचं आहे, तरी लिहितो: रताळ्यांबरोबर आणि पंपकिन पायबरोबर ती लाजवाब, पण कोंबडीची चव तिच्याखाली गाडली जाते. आपल्या जेवणात आधीच दालचिनी-लवंग असते, त्यावर पुन्हा तेच. मसाला घातलेल्या सणाच्या बिअरचा विषय निघाला की सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीची आठवण निघतेच. त्यांच्या ख्रिसमस एलची १९७५पासून दर वर्षी नवी कृती, लेबलावर नवं झाड. २०२३मध्ये ब्रुअरीच बंद झाली. त्या संध्याकाळी त्यावर बराच वेळ गेला, इथे घालवत नाही.

जर्मनीच्या श्नायडर ब्रुअरीची अव्हेंटिनस, ८.२ टक्के, गव्हाची बॉक, म्हणजे कडक जर्मन बिअर. केळं आणि लवंग. मसालेभाताबरोबर ती इतकी जमली की आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो. पण एका ग्लासात पोट भरतं. हे जेवण दुपारी तीनला सुरू होऊन संध्याकाळपर्यंत चालतं, आणि नंतर लोकांना गाडी चालवत घरी जायचंय.

मग खरी लढत, डुबेल आणि सेझाँ. डुबेलची बाजू मजबूत. काळ्या कँडी सिरपमुळे (करपवलेल्या साखरेचा पाक) खजूर-मनुक्याची चव, आणि भाजलेल्या कातडीचा खरपूसपणा तिच्या खरपूसपणाशी थेट जुळतो. ग्रेव्हीबरोबर तर वाटलं, संपला विषय. पण तिसऱ्या-चौथ्या घासानंतर, विशेषतः रताळी खाल्ल्यावर, गोडावर गोड साचायला लागलं. क्रॅनबेरीच्या आंबटपणापुढे ती जरा पाकासारखी लागली.

सेझाँचा एकाही पदार्थाशी असा डोळे मिटायला लावणारा मेळ जमला नाही. रताळ्यांपुढे तर ती थोडी पातळच वाटली. पण लोणी-ग्रेव्हीचा थर फेसाने दर घोटाला धुऊन निघत होता, क्रॅनबेरीशी भांडण नव्हतं, मिरीचा हलका झणका मसालेभाताला ओळखीचा वाटत होता. आम्ही दोन तास डुबेल आणि अव्हेंटिनसबद्दल बोललो. टेबल आवरताना बायको म्हणाली, "ज्याच्याबद्दल भांडत होतात ते ग्लास सगळे अर्धे आहेत. ही पिवळी कुणी संपवली?" बाटली रिकामी होती आणि ती कुणी कधी ओतली ते कुणालाच आठवत नव्हतं.

तर सेझाँ. डुबेल नाताळापर्यंत हलवायची नाही.

थँक्सगिव्हिंगचा आठवडा

सोमवारी रात्री चार बाटल्या फ्रीजमध्ये उभ्या. आडव्या ठेवल्या तर गाळ कडेला बसतो आणि ओतताना सगळा ढवळून निघतो. तीन दिवसांत तळाशी घट्ट बसेल. मित्राचे बाबा कोल्हापूरहून आलेत, त्यांच्या लेखी बिअर म्हणजे थंडगार लागर आणि बाकी सगळी थेरं. त्यांच्यासाठी पिल्सनरचा सहाचा पॅक वेगळा. एकाच बिअरचा नियम काकांना लावायचा नसतो. न पिणाऱ्यांसाठी सोलकढी आहे.

कायद्याचं कुणीतरी दर वर्षी विचारतं, म्हणून इथेच लिहून ठेवतो. घरी बिअर करण्याची परवानगी देणाऱ्या संघराज्याच्या कायद्यावर १९७८मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली. दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन. वाटता येते, विकता येत नाही. वहिनी "पैसे किती झाले" म्हणाल्या तर हे पाठ असू द्यावं.

गुरुवारी वीस मिनिटं आधी फ्रीजबाहेर, म्हणजे आठ-दहा अंशाला पोचेल. वाइनचेच ग्लास, निम्मेच भरायचे. एका बाटलीत १२० मिलीचे सहा होतात. ओतण्यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की सहाही ग्लास आधी एका रांगेत लावायचे आणि बाटली एकदा तिरकी केली की शेवटच्या ग्लासापर्यंत सरळ करायची नाही. मध्येच उभी केली की गाळ उसळतो, पहिल्या तिघांना स्वच्छ आणि उरलेल्यांना गढूळ मिळते. फेस जोरात येणार, तेव्हा पहिली फेरी दोन बोटांपुरती आणि परत येताना पुरी करायची. तळातली घोटभर मात्र बाटलीतच राहू द्यायची. मला ती गढूळ आवडते, तेव्हा ती माझी.

यीस्टचा गाळ बरणीत भरून ठेवलाय. जानेवारीत त्यावर पुढची सेझाँ, या वेळी थोडं राय नावाचं धान्य घालून बघणार आहे. ३७२४ कुणी पहिल्या दिवसापासूनच ३० अंशांच्या वर चालवलं असेल, तर ते मध्ये अडकलं की सरळ उतरलं, तेवढं लिहा.