तुम्ही विचारलंत म्हणून : भंगारात दिवस कसा जातो?

शाळेच्या गेटपाशी, नळावर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही ओळख निघाली की दोन-चार वाक्यांनंतर हा प्रश्न येतोच. "ताई, दिवसभर त्या भंगारात राहून कंटाळा नाही का येत? आणि घरी जाऊन पोरांचं करायला जीव उरतो का?" विचारणारीच्या मनात वाईट काही नसतं. काळजीनंच विचारते. मी "सवय झाली हो" म्हणते आणि विषय तिथंच राहतो. पण खरं उत्तर ते नाही. मला हे काम आवडतं. का आवडतं, ते हंडा भरता भरता सांगण्याएवढं छोटं नाही, म्हणून आज बसून लिहिते.

मी जळगावच्या एमआयडीसीत, प्लास्टिकचा दाणा करणाऱ्या एका लहान कारखान्यात आहे. आठ वर्षं झाली. सुरुवातीला छाटणीला बसायचे, आता आलेला माल बघून घ्यायचं काम माझ्याकडे आहे. आमचा माल म्हणजे मुख्यतः ठिबकच्या जुन्या नळ्या. जळगाव म्हटलं की लोकांना केळी आणि सोनं आठवतं. इथल्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्या केळीच्या बुडाशी, कपाशीच्या ओळींतून, रावेरपासून पाचोऱ्यापर्यंत जी काळी नळी पसरलेली आहे, तिच्याकडे कोण बघतं? ती काही जन्मभर टिकत नाही. उन्हानं कडक होते, पाण्यातल्या क्षारांनी छिद्रं बुजतात, खारी आणि उंदीर कुरतडतात, वखर लागून तुटते. मग शेतकरी ती गोळा करतो, गुंडाळतो आणि बांधावर टाकतो.

किंवा पेटवतो. माझं माहेर रावेर तालुक्यातलं. मी लहान असताना आमच्या बांधावरही उन्हाळ्यात नळ्या जळायच्या. काळा धूर उठायचा आणि पेटलेले थेंब जमिनीवर पडताना फुर्र, फुर्र असा आवाज यायचा. आम्ही भावंडं तो ऐकायला मुद्दाम जवळ जाऊन बसायचो. आज ते आठवलं की माझाच घसा दाटतो. आम्हाला कुणी उठवलं नाही, कारण त्या धुरात काय असतं ते कुणालाच माहीत नव्हतं.

आता कामाचं सांगते. नळ्यांचा हंगाम असतो. पुढच्या पेरणीसाठी शेतं मोकळी करायची म्हणून एप्रिल-मे महिन्यांत माल येतो, आणि नेमका तेव्हाच आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात असतो. पत्र्याच्या शेडखाली दुपारी उभं राहवत नाही, म्हणून त्या दोन महिन्यांत आम्ही सकाळी सहालाच सुरू करतो. गुंडाळ्यांमध्ये माती असते, वाळलेली पानं असतात, नळ्या जोडायचे जॉइनर आणि जोडावरचे रबर तसेच असतात, कधी सरकी अडकलेली असते. एकदा एका गुंडाळीतल्या ओल्या मातीत सरकी रुजून दोन पानं फुटली होती. बायकांनी ते रोप एका फुटक्या डब्यात लावलं. बोंडं काही आली नाहीत, पण दिवाळीपर्यंत शेडच्या दाराशी ते हिरवं होतं, आणि येता-जाता प्रत्येकीनं त्याला पाणी घातलं.

काळा माल सगळा सारखाच दिसतो. नळी उन्हात टिकावी म्हणून तिच्यात सुमारे अडीच टक्के काजळी घातलेली असते. त्यामुळे डोळ्यांवर विसंबून चालत नाही, हाताला विचारावं लागतं. ठिबकची नळी पॉलिथिनची. दुमडली तर चामड्यासारखी वाकते, नख दाबलं तर नखाची खूण राहते. पीव्हीसीचा जुना, उन्हानं तडकलेला तुकडा दुमडायला गेलं की कट्‌कन तुटतो. तरीही शंका राहिली तर बादली. पॉलिथिन पाण्याहून हलकं, ते तरंगतं. पीव्हीसी पाण्याच्या १.४ पट जड, ते सरळ तळाला जातं. कीटकनाशकांचे डबे आले तर मी बायकांना उघड्या हातानं शिवू देत नाही. शेतकऱ्यानं फवारणीच्या वेळीच डबा तीनदा विसळून ते पाणी पंपात ओतायचं असतं. सगळेच तसं करत नाहीत.

एवढं हाताशी असूनही माझ्याकडून एकदा चूक झाली. दुसरं वर्ष असेल. एका व्यापाऱ्याच्या गाडीतल्या गुंडाळ्या वरून चांगल्या दिसल्या, मी पास केल्या. आत पीव्हीसीचे तुकडे कोंबलेले होते. आमच्या मशीनमध्ये माल वितळतो तो दोनशे अंशांच्या आसपास. एवढी उष्णता पीव्हीसीला सोसत नाही, त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि ओल लागली की त्याचं आम्ल होतं. माणसाच्या डोळ्यांत आणि घशात ओल असतेच. शेडभर धूर झाला, सगळे तोंडाला पदर-रुमाल लावून बाहेर पळाले. मशीन उघडून स्क्रू साफ करण्यात दोन दिवस गेले. मालक मला काही बोलले नाहीत, पण ऑपरेटरदादांचे लालबुंद डोळे मी विसरले नाही. त्या दिवसापासून एकही गुंडाळी सोडून बघितल्याशिवाय मी आत जाऊ देत नाही, गाडीवाला कितीही घाई करो.

माझा दिवसातला सगळ्यात आवडता वेळ म्हणजे चारच्या चहाआधीची दहा मिनिटं. नळ्या कापून, ग्राइंडरमधून काढून, धुऊन-वाळवून जो चुरा होतो तो मशीनमध्ये वितळतो, आणि जाळीतून गाळून पुढच्या तोंडानं सोऱ्यातून शेव पडावी तशा काळ्या तारा बाहेर येतात. त्या पाण्याच्या हौदात उतरतात, तिथं थंड होतात, आणि पलीकडे कटर त्यांचे ज्वारीएवढे दाणे करतो. मी मूठभर दाणा घेते. तो अजून कोमट असतो. तळहातावर पसरून बघते: चमक आहे का, दाण्यात बुडबुडा आहे का, चुऱ्यात ओल राहिली होती का. चांगला दाणा मुठीतून सोडला की बाजरी सांडावी तसा सळसळतो. सकाळी जे चिखलात लडबडलेलं, उंदरांनी खाल्लेलं होतं ते संध्याकाळी असं हातातून वाहतं. याचा कंटाळा कसा येईल, तुम्हीच सांगा.

हा दाणा जातो कुठे, तेही विचारतात. आयएसआय शिक्क्याच्या नव्या ठिबकच्या नळीला नवाच दाणा लागतो. आमचा दाणा भिंतीतल्या वायरीच्या पाइपला, कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांना, अंगणात झाडांना पाणी घालायच्या साध्या नळीला जातो. आमच्या पलीकडच्या गाळ्यात पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लास्टिकचं काम चालतं. त्याच्या दाण्यापासून रंगीत पोकळ काड्या काढतात आणि मागावर चटया विणतात. जळगावच्या या चटया तुम्ही पाहिल्याच असतील, प्रत्येक लग्नात अंथरलेल्या असतात. पंगतीत बसले की माझा हात आपोआप चटईच्या काठावर जातो, वीण बघते. शेजारी बसलेल्या बाईला वाटतं काहीतरी हरवलंय.

२०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा नळावरच्या बायकांनी विचारलं होतं, तुझं काम गेलं का? बंदी प्लास्टिकच्या पिशव्यांवर आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर होती. ती मला पटलीही. ते आमच्या शेडमध्ये आलं तरी आमच्या कामाचं नव्हतं.

आता पोरांचं. लेक सहावीत आहे, धाकटा पहिलीत. पाण्याच्या दिवशी मी पहाटे साडेचारला उठते, एरवी पाचला. डबे होतात, यांची मालवाहू रिक्षा मार्केटला निघते, पोरांना आवरून शाळेत पाठवायचं काम सासूबाईंचं. त्या नसत्या तर मी हे काम करूच शकले नसते. संध्याकाळी दारात पाऊल टाकलं की त्यांचं ठरलेलं, "उनी का माय? बठ, पानी पे." त्या धुळ्याकडच्या, त्यांची अहिराणी अजून जशीच्या तशी आहे, आणि पोरंही त्यांच्याशी अहिराणीतच बोलतात. पाणी पिते, पण पोरांना जवळ घेत नाही. आधी अंघोळ, कपडे वेगळ्या बादलीत, मग पोरं. धाकटा लहान असताना न्हाणीच्या दाराशी बसून रडायचा, तेवढे दिवस फार जड गेले. आता तो दाराबाहेरून ओरडतो, "आई, आज काय बुडालं?"

हा खेळ लेकीनं सुरू केला. रविवारी अंगणात बादली भरायची आणि आठवड्यात घरात साठलेलं एकेक त्यात टाकायचं. टाकायच्या आधी प्रत्येकानं सांगायचं, तरंगणार की बुडणार. एकदा धाकट्यानं पाण्याची बाटली टाकली. लेक ठामपणे म्हणाली, बुडणार, मला माहितीय. बाटली मजेत तरंगली. त्यानं नाचून अंगण डोक्यावर घेतलं आणि ती रडवेली होऊन माझ्याकडे बघायला लागली. मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं तिनंच बाटली उचलली, झाकण काढलं, आत पाणी भरू दिलं. बाटली हळूहळू तळाला गेली आणि झाकण एकटं वर गोल गोल फिरत राहिलं. "हवा होती आत!" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं, त्यासाठी मी आणखी वीस वर्षं मालाच्या गाड्या उतरवून घ्यायला तयार आहे.

बिस्किटाच्या पुड्याचं तिला अजून पटत नाही. त्यात वेगवेगळ्या प्लास्टिकचे आणि चंदेरी मुलाम्याचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते आमच्याकडे सुटे होत नाहीत. "मग त्याचं काय होतं?" "आमच्याकडे काहीच होत नाही, बाळा." मी तिच्याशी खोटं बोलत नाही. तिनं आपणहून पुड्याची बिस्किटं सोडली आणि किराणा दुकानातून सुटी नानकटाई आणायला लागली.

हिवाळ्यात एका सुट्टीला आम्ही छाटणीच्या सगळ्या बायका पोरांना घेऊन आसोद्याकडे एकीच्या शेतावर जातो. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, वर कांद्याची पात, कच्च्या तेलाची धार, सोबत कळण्याची भाकरी. त्या दिवशी कामाचं कुणी बोलायचं नाही असं ठरतं. खाली चटई असते, त्यामुळे ते काही जमत नाही.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले. बाबांना माझं हे काम पहिल्यापासून आवडलं नव्हतं. बागायतदाराची लेक भंगारात, असं ते आईजवळ बोलल्याचं मला ठाऊक होतं. आम्ही दोघंही त्यावर कधी बोललो नाही. सकाळी मी मळ्यात गेले तर विहिरीजवळच्या लिंबाखाली जुन्या नळ्यांच्या चौदा गुंडाळ्या एकावर एक रचलेल्या. माती झटकलेली, सुतळीनं दोन-दोन ठिकाणी बांधलेल्या. शेजारी एक तेलाचा डबा. बाबा पाठीमागून आले आणि म्हणाले, "तुझ्या गाडीवाल्याला सांग, रबर आणि जॉइनर काढून ठेवलेत."

मी सवयीनं पहिली गुंडाळी सोडली, शेवटपर्यंत हातातून काढली. एकही रबर नव्हतं. धाकट्यानं डब्यात हात घालून एक जॉइनर शोधला, नळीचा दोन हात तुकडा मागितला, दोन्ही टोकं त्यात खुपसून त्याचं चाक केलं, आणि काडीनं पळवत आजोबांच्या पुढे केळीच्या वाटेला लागला.