बंबाचं जळण, ओली लाकडं आणि अठ्ठेचाळीस किलोंचा हिशोब : माझा अनुभव

आमच्याकडे ग्वाल्हेरला अजून तांब्याचा बंब पेटतो. लश्कर नावाच्या भागातला जुना वाडा, मागच्या चौकात न्हाणीघराला लागून बंबाची जागा. गीझर आहे, पण आईला (वय ७९) बंबाचंच पाणी लागतं, आणि जानेवारीत पारा तीन-चार डिग्रीवर येतो, दुपारपर्यंत धुकं हलत नाही, तेव्हा सहा माणसांच्या आंघोळी एका गीझरवर होतही नाहीत. बाबा होते तोवर जळण तेच आणायचे, आम्हाला कधी बघावं लागलं नाही. यंदा पहिल्यांदा मी आणलं आणि जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळं लिहून काढतोय, कोणाचे तरी पैसे वाचतील.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टालवर गेलो (टाल म्हणजे लाकडाची वखार, इकडे आम्ही मराठी लोकसुद्धा टालच म्हणतो). संध्याकाळची वेळ, उजेड कमी. समोरचा ढीग बघितला, वाळलेला दिसला, विचारलं "सूखी है ना?", तर "एकदम सूखी भैया, बबूल है." भाव ८५० रुपये क्विंटल. पाच क्विंटल तोलून घेतलं, ४२५० दिले, पर्ची घेतली, लोडिंग रिक्षात टाकून घरी. इथे मी काय चुकलो ते आता कळतंय. समोरचा ढीग दाखवायचा असतो आणि काट्यावर माल मागच्या ढिगातून येतो. तोलायच्या आधी त्याच लाकडातलं एक आपल्यासमोर फोडून घ्यायचं, हे पहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंब पेटेना. गोवरी घातली, ढलप्या घातल्या, थोडं रॉकेल होतं तेही, नुसतं धुपत राहिलं. मी वाकून बघितलं तर लाकडाच्या कापलेल्या टोकातून पांढरा फेस येत होता, बारीक बारीक बुडबुडे, सूंऽऽ असा आवाज, आणि खाली राखेत तपकिरी पाणी ठिबकत होतं. चौकात धूर, आईला खोकला, शेजारच्या काकू गॅलरीतून ओरडायला लागल्या की वाळत घातलेल्या साड्यांना वास लागला. पाणी कोमट व्हायला पाऊण तास. चार दिवस असंच चाललं, रोज दोन पाट्या, पाटीत साधारण पाच किलो, म्हणजे चाळीसेक किलो जळालं आणि बंबाच्या नळीत आतून काळं चिकट डांबर जमलं, ते मला नंतर खरवडून काढावं लागलं.

याचं कारण सोपं आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळपास अर्धं वजन पाण्याचं असू शकतं, आणि जाळायला चांगलं लाकूड म्हणजे ज्यात पाणी २० टक्क्यांच्या आत आलंय ते. ओलं लाकूड टाकलं की आच आधी पाणी उडवण्यात जाते, जाळ थंड पडतो, आणि लाकडातून जो धूर निघतो तो पेटतच नाही (नीट तापलं तर तो धूरच पेटून जाळ होतो), तसाच वर जातो आणि थंड पत्र्याला डांबर होऊन चिकटतो. आई हे सगळं एका वाक्यात बोलली, "अरे ही लाकडं नाहीत, भाजी आहे." तिने दोन लाकडं घेतली आणि एकमेकांवर आपटली. ठप्प. मग बाबांच्या वेळचं एक कोनाड्यात पडलं होतं ते दगडावर आपटलं, टण्ण. तो फरक एकदा कानात बसला की पुन्हा विसरत नाही.

त्या दिवशी मी एक काम चांगलं केलं. ढिगातला एक तुकडा घेतला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, २ किलो १४० ग्रॅम, पेन्सिलीने त्याच्यावरच वजन आणि तारीख लिहिली आणि फोटो काढला. बाकीची लाकडं चौकात विटांवर पसरून ठेवली, दुपारी जे काय ऊन येईल त्यात.

आता टालचं. पाचव्या दिवशी तीन तुकडे पिशवीत घालून गेलो. मुनीम म्हणाला सेठजी नाहीत, उद्या या. उद्या गेलो तर सेठजी आत्ताच गेले. तिसऱ्यांदा गेलो तर मुनीमच नाही. तानसेन समारोहाचे दिवस होते, संध्याकाळी गाणं ऐकायला जायचं ठरवलेलं, ते सोडून मी टालच्या बाकड्यावर बसलेलो. एकदा सकाळी साडेसातला गेलो म्हणजे तरी कोणी भेटेल, तर काय दिसलं, पोरगा पाइप घेऊन ढिगावर पाणी मारतोय! विचारलं तर म्हणे धूळ बसवतो. लाकूड किलोवर विकायचं आणि त्याच्यावर पाणी मारायचं, यावर मी काय बोलू. (तसं वरून मारलेलं किंवा पावसाचं पाणी चार-पाच दिवसांच्या उन्हात निघून जातं, खरा त्रास आतल्या रसाचा असतो, तो महिने घेतो. पण काट्यावर दोन्ही सारखेच मोजले जातात.)

त्या बाकड्यावर बसून एक फायदा झाला. तिथे लाकडं फोडणारे एक काका होते, चाळीस वर्षं कुऱ्हाड चालवतायत, ते मला बघून बघून बोलायला लागले आणि त्यांनी जे दाखवलं ते मला कोणी आधी सांगितलं असतं तर! लाकडाचं टोक बघायचं, मधल्या गाभ्यापासून सालीकडे चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा गेल्या असतील तर वाळलेलं, टोक गुळगुळीत आणि गडद असेल तर ओलं. पण नुसत्या चिरांवर जाऊ नका, टोक आधी वाळतं, आत तसंच असतं, म्हणून फोडायचंच. साल नखाने खरवडायची, खाली हिरवट किंवा ओलसर लागलं तर नुकतं तोडलेलं, वाळलेल्याची साल हाताने सुटून येते. कुऱ्हाड मारली की वाळलेलं तडकन् दोन होतं, ओल्यात पातं रुतून बसतं. आणि फोडल्यावर आतली बाजू गालाला लावून बघायची, ते थंड लागलं की समजायचं. मी लावून बघितलं, माझ्या पिशवीतला तुकडा बर्फासारखा.

दुसरं त्यांनी सांगितलं की हलकं आहे म्हणून वाळलंय असं धरू नका. घुणाने खाल्लेलं, बोटाने दाबलं की पीठ पडतं, तेही हलकं लागतं, ते कागदासारखं भुर्रकन् जळतं आणि निखारा राहत नाही.

आठवड्यानंतर, म्हणजे माझ्या सहाव्या फेरीला, सेठ भेटले. पंधरा मिनिटं वाद झाला, शेवटी म्हणाले आणा परत, वजनावर वजन बदलून देतो. मी खूश. ३०० रुपये रिक्षाला देऊन सगळी लाकडं परत नेली. घेतल्याला बारा दिवस झाले होते. ५०० किलो घेतली, ४० जाळली, ४६० राहायला हवीत. काट्यावर भरली ४१२.

मुनीम म्हणाला अठ्ठेचाळीस किलो तुम्ही जाळलीत. मी म्हटलं अहो हेच तर सांगतोय, ते अठ्ठेचाळीस किलो तुमचं पाणी आहे, उडून गेलं! फोनमधला फोटो दाखवला, तो पेन्सिलचा तुकडा पिशवीतून काढला, त्यांच्याच छोट्या काट्यावर ठेवला, १ किलो ९०५. तेवढ्या दिवसांत अकरा टक्के कमी, आणि ४६० चे अकरा टक्के काढा, पन्नासेक येतात, हिशोब जवळपास जुळतोय. मुनीम म्हणे घर का काँटा नहीं मानेंगे. कुऱ्हाडवाले काका तिथेच उभे होते, त्यांना सगळं माहीत होतं, पण ते काय बोलणार, रोजी तिथलीच. मी अर्धा तास उभा राहिलो, मागे गिऱ्हाईकं जमली, आणि शेवटी मला ४१२ किलोच बदलून मिळाली. म्हणजे ८५० च्या भावाने चारशे आठ रुपयांचं पाणी विकत घेतलं आणि ते वाळवून दिल्याचा दंडही मीच भरला. रक्कम मोठी नाही, पण मला त्या दिवशी रात्री झोप लागली नाही.

बदलून घेताना मात्र एकेक लाकूड मी स्वतः निवडलं. सगळी पाहून तास लागला, मुनीम कंटाळला, कंटाळू दे.

आता कुठलं लाकूड घ्यावं, तर आमच्याकडे देशी बाभूळ मिळाली तर उत्तम, आतला गाभा तांबूस, निखारा बराच वेळ धरते. विलायती बाभूळ स्वस्त आणि मुबलक (चंबळच्या बीहडात, म्हणजे मातीच्या घळींत, माती धरून राहावी म्हणून तिचं बी विमानातून टाकलं होतं, आता सगळीकडे तीच आहे), तीही छान जळते, फक्त काटे सांभाळा, टोचला तर दिवसभर ठणकतं. चिंच, बोर चांगली. सफेदा म्हणजे निलगिरी झरझर जळतो आणि वाळल्यावर पीळ पडल्याने फुटता फुटत नाही, फोडून मिळत असेल तरच घ्या. पळस नको. सालई डिंकामुळे भडकते आणि काजळी करते. आजोबांच्या वेळी करधई यायची म्हणतात, अतिशय जड आणि जळायला उत्तम, पण ते जंगलातलं झाड, आता कुणी आणून देतो म्हटलं तरी मी घेणार नाही. आणि एक गोष्ट मला वाचल्यावर नवीन वाटली, की पूर्ण वाळलं असेल तर किलोमागे उष्णता बहुतेक लाकडांची जवळजवळ सारखीच, चार-साडेचार हजार किलोकॅलरी. फरक एवढाच की हलकं लाकूड ढिगाने जास्त लागतं आणि सारखं जवळ बसून घालत राहावं लागतं. म्हणून किलोवर घेताना झाडाच्या नावापेक्षा वाळलंय किती तेच आधी बघा.

फर्निचरच्या दुकानातले प्लायचे, सनमायकाचे तुकडे फुकट मिळतात म्हणून शेजारी आणून देत होते, मी नाही घेतले, त्यातल्या गोंदाचा आणि रंगाचा धूर विषारी असतो. कुंपणातली कण्हेर छाटली तर तीही जाळू नका.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं, निखाऱ्याची शेगडी खोलीत ठेवून दार-खिडकी बंद करून कोणीही झोपू नका. धूर दिसत नाही म्हणून माणसं बेफिकीर राहतात, पण निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, आणि आपल्याकडे थंडीत यानेच घरंच्या घरं जातात. आईची शेगडी आम्ही झोपायच्या आधी चौकात आणून ठेवतो, तिने कितीही कुरकुर केली तरी.

ठेवायचं कसं, तर विटांवर किंवा फळ्यांवर, जमिनीला टेकवून नाही. वरून झाका, बाजू उघड्या ठेवा, ताडपत्रीत पूर्ण गुंडाळलं तर आतल्या आत बुरशी येते. बंबासाठी मनगटाएवढी जाडी पुरे, त्याहून जाड असेल तर फोडून ठेवा, फोडलेलं लवकर वाळतं.

पुढच्या वर्षीचं जळण मी मे महिन्यात घेणार आहे. आपल्याकडे तेव्हा ४५ डिग्री आणि लू, त्या वाऱ्यात महिनाभर फोडून पसरलं तर वाळवायला काही खर्च नाही, मग पावसाळ्याआधी कोठीत. डिसेंबरात टालवर येतो तो बराचसा पावसाळ्यानंतर तोडलेला माल, काकांनीच सांगितलं.

तो पेन्सिलचा तुकडा मी बंबाजवळच्या कोनाड्यात ठेवला होता. जानेवारीच्या शेवटी पुन्हा तोलला, १ किलो ४९०. म्हणजे साडेसहाशे ग्रॅम, तीस टक्के, गेलं. त्या हिशोबाने माझ्या पाच क्विंटलमध्ये दीड क्विंटल पाणी होतं, १२७५ रुपयांचं. मुनीमाला जाऊन दाखवणार होतो, बायको म्हणाली आता पुरे. मग दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोडला, तडकन् दोन झाला, बंबात घातला, फेस नाही, आवाज नाही, आणि आईने आतून विचारलं की पाणी एवढ्यात कसं तापलं.