बाथरूमच्या गळतीचा माग आणि मिस्त्री बोलवायची वेळ: माझा अनुभव

खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली की पहिला फोन मिस्त्रीला जातो, आणि तो छताकडे एकदा पाहून सांगतो, 'बाथरूम पूर्ण फोडावं लागेल.' त्याचंही फार चुकत नाही. पाणी नेमकं कुठून येतंय हे कळायला छत कधी भिजतं, कधी सुकतं हे दिवसरात्र पाहावं लागतं, आणि तेवढा वेळ बाहेरच्या माणसाकडे नसतो. म्हणून गळती शोधायचं काम मी स्वतःकडे ठेवलं, फोडायचं काम कारागिराकडे दिलं.

कुठलं काम आपण करायचं याला माझी एकच कसोटी आहे: चूक झाली तर ती मला लगेच दिसेल का? नळाचा स्पिंडल, अँगल कॉक, बेसिनखालची कनेक्शन पाइप, बॉटल ट्रॅप, फ्लश टाकीतला व्हॉल्व्ह ही सगळी उघड्यावरची कामं. आट्यांवर टेफ्लॉन टेप आटे फिरतात त्याच दिशेने १० ते १५ वेढे घ्यायची, कॉक सोडायचा आणि कोरडा टिश्यू जॉइंटला लावून पाहायचा. ओला झाला तर पुन्हा उघडायचं. भिंतीत गाडलेल्या पाइपचा जॉइंट किंवा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग चुकलं तर मात्र ते काही महिन्यांनी खालच्यांच्या छतावर दिसतं. गिझरची वायरिंग, अर्थिंग आणि गॅसची लाइन तर मी तपासायलाही हातात घेत नाही. ती परवानाधारकाचीच कामं.

तपासणीआधी खालच्यांना एक सांगावं. ओल दिव्याच्या किंवा पंख्याच्या पॉइंटजवळ असेल तर त्या खोलीचा एमसीबी (विजेच्या बोर्डातला सर्किटचा स्विच) बंद ठेवा. मग डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहायची आणि मोबाइलवर रोज एकाच जागेवरून फोटो काढायचा.

पहिली चाचणी पाण्याच्या लाइनची. गाडलेल्या लाइनमध्ये दाब कायम असतो, त्यामुळे ती फुटली तर बाथरूम वापरा न वापरा, थेंब चालूच राहतो. बाथरूमच्या लाइनचा मुख्य व्हॉल्व्ह (आमच्याकडे तो डक्टमध्ये, म्हणजे इमारतीचे उभे पाइप जातात त्या मोकळ्या जागेत आहे) बंद केला आणि बाथरूम पूर्ण बंद ठेवलं. गरम पाण्याची लाइन वेगळी पाहायची असेल तर गिझरच्या इनलेटचा कॉक बंद करायचा. पण मिक्सरचे (गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाचे) दोन्ही नॉब नीट बंद हवेत, नाहीतर थंड लाइनचं पाणी मिक्सरमधून गरम लाइनमध्ये शिरतं आणि चाचणी फसते. सीपीव्हीसी (गरम पाणीही चालणारं प्लास्टिक) लाइनमध्ये पाइप क्वचितच फुटतो. गळतो तो बहुतेक वेळा पितळी आट्यांचा जॉइंट, जिथे प्लास्टिकच्या आत पितळ बसवलेलं असतं आणि नळ बसवताना जास्त आवळल्यामुळे बाहेरच्या प्लास्टिकला चीर जाते.

या चाचणीत उतावीळ होऊन चालत नाही. बाथरूमचा स्लॅब बऱ्याच इमारतींत २०० ते ३०० मिलिमीटर खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो. हा भराव पाणी धरून ठेवतो. मूळ गळती थांबली तरी त्यातलं साठलेलं पाणी पुढे कित्येक दिवस झिरपत राहतं. 'व्हॉल्व्ह बंद केला, तरी गळतंय, म्हणजे लाइन चांगली आहे' हा निष्कर्ष एका रात्रीत काढला तर तो चुकीचा ठरू शकतो. थेंबांचा वेग मंदावतोय का, हे पाहायचं. मंदावत गेला तर लाइनवर संशय, पण बाथरूम वापरात नसल्यानेही वेग मंदावू शकतो. मग प्लंबरकडून पंप लावून प्रेशर टेस्ट करून घ्यायची आणि काटा तासभर हलत नाही ना ते स्वतः उभं राहून पाहायचं. आमच्याकडे वेग तोच राहिला. प्रेशर टेस्टमध्ये काटाही हलला नाही.

दुसरी चाचणी ड्रेनेजची. फरशी कोरडी ठेवून एका नळीने चार-पाच बादल्या पाणी थेट नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याच्या) आत सोडलं. पाणी फरशीला लागू द्यायचं नाही, हेच यात महत्त्वाचं. खालचा डाग रेघेबाहेर गेला नाही, म्हणजे ट्रॅपच्या पुढचा पाइप ठीक.

तिसरी चाचणी फरशीची, आणि खरा उलगडा इथे होतो. ट्रॅपच्या आत खोलवर कापडाचा बोळा प्लास्टिक पिशवीत बांधून ठोकून बसवला आणि फरशीवर इंचभर पाणी साठवलं. पातळी उंबऱ्याच्या खाली राहायला हवी. शेजारी परातीत पाणी ठेवून दोन्हीकडे पेन्सिलने खूण केली. हवेत उडून जाणारं पाणी परातीतलंही तेवढंच कमी होतं. फरशीवरचं त्याहून जास्त उतरलं तर ते खाली गेलं. ४ बाय ७ फुटांच्या बाथरूममध्ये पातळी एक मिलिमीटर उतरली तर सुमारे अडीच लिटर पाणी गेलं असा हिशेब आहे. पाणी उतरलं. मग फरशी वाळू दिली, तळ कापलेला प्लास्टिकचा डबा जाळीभोवती सिलिकॉनने चिकटवून ट्रॅपभोवती बांध घातला आणि बांधाबाहेर पुन्हा पाणी साठवलं. या वेळी फरशी आणि परात बरोबरीने राहिली. म्हणजे फरशीचे सांधे टिकून आहेत, दोष ट्रॅपच्या तोंडाशी आहे.

पाण्यात खायचा रंग टाकायचा सल्ला सगळे देतात. रंग खाली दिसला तर पुरावा पक्का, पण कोब्यातून गाळला जाऊन तो दिसला नाही तर त्यावरून काहीच ठरत नाही.

ट्रॅपचं तोंड गळायचं कारण साधं आहे. पीव्हीसी गुळगुळीत असतं, सिमेंट त्याला चिकटत नाही, आणि दोघांत केसाएवढी फट पडते. वरून पांढरं सिमेंट किंवा सिलिकॉन भरून ती काही महिने दबते, बरी होत नाही. इथे कसोटीप्रमाणे माझा हात थांबला आणि कारागीर आला.

पूर्ण फोडायचं की ट्रॅपभोवतीचा दोन फूट चौकोन? चौकोनात धोका एकच: नवं वॉटरप्रूफिंग जुन्याला जिथे जोडतो ती कड. म्हणून करारात लिहून घेतलं की आधी चौकोन उघडायचा. भराव पाण्याने तुडुंब निघाला किंवा जुना थर हाताने सुटून आला तर पूर्ण फोडायचं, आणि त्याचा दर आत्ताच ठरवायचा. नाहीतर फरशी उखडल्यावर दर वाढतो. डेब्रिज (फोडलेला मलबा) गोण्यांत भरून खाली नेण्याचा खर्च कोणाचा, हेही लिहावं. आमच्याकडे भराव ओलसर होता, पाणी साठलेलं नव्हतं, जुना थर घट्ट होता. चौकोनावर भागलं.

कामात या गोष्टी मी जवळ उभं राहून पाहिल्या. फरशीची कड आधी कटरने कापायची, मग छिन्नी-हातोडा. ब्रेकर मशीनच्या हादऱ्याने शेजारच्या फरशा पोकळ होतात. नव्या पाइपवर आयएस (भारतीय मानक) १३५९२ ची आणि ट्रॅपवर आयएस १४७३५ ची खूण हवी (पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपवर आयएस १५७७८). ट्रॅप बाहेरून पॉलिश पेपरने घासायचा, त्यावर सॉल्व्हंट सिमेंट लावून जाडसर वाळू भुरभुरायची. वाळल्यावर त्या खरखरीत अंगाला सिमेंट पकड घेतं. भोवती साध्या मसाल्याऐवजी न आकसणारं ग्राउट. वर पॉलिमर कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, ट्रॅपच्या गळ्याशी मध्ये फायबरची जाळी, आणि जुन्या थरावर किमान चार-सहा इंच चढवून. मग फरशी बसवण्याआधी ४८ तास पाणी साठवून ठेवायचं. घाईत ही पायरी गाळायची तयारी जवळजवळ प्रत्येक कारागीर दाखवतो. तिच्याशिवाय पुढचे पैसे द्यायचे नाहीत. उतार ट्रॅपकडे १०० ला १, म्हणजे चार फुटांत साधारण अर्धा इंच.

बाकीच्या फरशीचे सांधे मी स्वतः एपॉक्सीने (दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या ग्राउटने) भरले, कारण ते काम डोळ्यांसमोर राहतं. जुनं पांढरं सिमेंट ३-४ मिलिमीटर खोल खरवडायचं, दोन दिवस पंखा लावून सांधे सुकवायचे. एक फुटी फरशी आणि ३ मिलिमीटर सांधा धरला तर एवढ्या बाथरूमला ३५० ते ४०० ग्रॅम पुरतं. एक किलोच्या पॅकमध्ये भिंतीलगतचे कोपरेही होतात. रेझिन आणि हार्डनर पॅकवरच्या प्रमाणातच, आणि एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढंच कालवायचं. फरशीवरचा चिकट थर लगेच ओल्या स्पंजने पुसायचा, वाळल्यावर तो निघत नाही. २४ तास पाणी नको.

खर्चाबाबत: सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार संडास, बाथरूम, सिंक यांतून होणारी अंतर्गत गळती संबंधित सभासदाने दुरुस्त करायची, गच्ची आणि सामाईक लाइन सोसायटीने. डक्टमधली उभी लाइन गळत असेल तर कमिटीला लेखी पत्र द्यावं.

खालचं छत लगेच रंगवायचं नाही. भराव सुकेपर्यंत डाग हळूहळू फिका होत जातो. महिना-दीड महिना रेघेच्या आत आटत गेला की पोपडे खरवडून प्रायमर, पुट्टी, रंग. पोपड्यांखाली गंजलेली सळई दिसली तर पुट्टी मारू नये, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावं, कारण गंज फुगून काँक्रीटचा पुढचा तुकडा खाली पडतो. कारागिराच्या बिलातले शेवटचे १५ टक्के आम्ही हे छत सुकल्यावर दिले.