परदेशी निधीच्या नोंदी शिकवताना: माझा नागपूरचा अनुभव

प्रशिक्षणाच्या पहिल्या तुकडीत ३६ जण होते. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सभागृहात परतले २५. तारीख होती २१ मार्च, म्हणजे मार्चअखेर डोक्यावर. जे थांबले त्यांचेही फोन टेबलावर थरथरत होते. कुणाचं बिल कोषागारातून आक्षेप लागून परत आलं होतं, कुणाला बीम्सवर, म्हणजे राज्याच्या अनुदान वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर आलेलं अनुदान ३१ तारखेच्या आत खर्ची टाकायचं होतं. आणि मी पडद्यावर दाखवत होते लॉगिन कसं करायचं, पासवर्ड कसा बदलायचा, कोणत्या चौकटीवर क्लिक करायचं.

शेवटच्या रांगेतून भंडाऱ्याचे एक वरिष्ठ लिपिक म्हणाले, "मॅडम, हे काऊन भरायचं ते तं सांगा. आमी आधीच तीन ठिकानी भरून राहिलो." माझ्याकडे उत्तर नव्हतं. "वरून आदेश आहे," एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी सिव्हिल लाइन्समधून घरी जाताना ते वाक्य मला बोचत राहिलं.

मी लेखा शाखेत २२ वर्षं काढली आहेत. त्या वर्षी नागपूर विभागाच्या सहा जिल्ह्यांत परदेशी कर्जातून चालणाऱ्या एका प्रकल्पाचे हिशेब आमच्याकडे होते. खर्चाच्या नोंदींसाठी नवी ऑनलाइन प्रणाली आली, तालुका पातळीवरचा प्रत्येक खर्च तिच्यात जायचा होता, आणि ते शिकवण्यासाठी माझं नाव गेलं. त्याआधी मला दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं. तिथे 'कमिटमेंट', 'डिस्बर्समेंट' आणि 'एक्स्पेंडिचर' हे शब्द इतक्या वेगाने येऊन गेले की मला ती एकाच गोष्टीची तीन नावं वाटली. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मार्चच्या त्या तुकडीनंतर मी माझ्या पहिल्या साहेबांकडे गेले. लेखाधिकारी म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, धरमपेठेत राहतात. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "तुझी ही नोंद शेवटी जाते कुठे, हे तू त्यांना सांगितलंस का?" सांगितलं नव्हतं, कारण पूर्ण वाट मलाही माहीत नव्हती. एप्रिल मी तेवढ्याच कामात घातला.

ती वाट अशी आहे. परदेशी कर्ज राज्य सरकार थेट घेत नाही. करार केंद्राच्या अर्थ मंत्रालयातल्या आर्थिक कार्य विभागामार्फत होतो. अशा प्रकल्पांत बहुतेक वेळा आधी राज्य आपल्या अर्थसंकल्पातून खर्च करतं, आणि मग झालेल्या खर्चाची प्रतिपूर्ती मागतं. तालुक्यातून जिल्ह्याकडे, जिल्ह्यातून प्रकल्प कार्यालयाकडे आकडे जातात, तिथे तिमाही वित्तीय अहवाल बनतो. दावा दिल्लीत सहाय्य लेखा व लेखापरीक्षा नियंत्रकांच्या कार्यालयात पोचतो आणि तिथून कर्ज देणाऱ्या बँकेकडे. बँक परकीय चलनात रक्कम देते, रुपये होऊन ती राज्याकडे येते. म्हणजे तालुक्यात एक नोंद राहिली, तर तेवढ्या रकमेचा दावा त्या तिमाहीत जात नाही आणि राज्याचा स्वतःचा पैसा अडकून राहतो. प्रकल्प बंद होण्याच्या तारखेनंतर दावे पाठवायला साधारण ४ महिने मिळतात. त्यानंतर खरा, रीतसर झालेला खर्चसुद्धा राज्याच्याच गळ्यात.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळली. १ एप्रिल २००५ पासून, बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार, महाराष्ट्रासारख्या सर्वसाधारण श्रेणीतल्या राज्यांना परदेशी कर्ज ज्या अटींवर मिळतं त्याच अटींवर पुढे दिलं जातं. रुपया घसरला तर वाढीव परतफेडीचा भार राज्यावर. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. इतकी वर्षं आम्ही कार्यालयात या पैशाला सरसकट 'मदत' म्हणत आलो होतो.

दुसरी तुकडी मे महिन्यात होती. नागपूरचा मे, म्हणून सकाळी ८ ते दुपारी १ अशी वेळ मागून घेतली. दोन मोठे कूलर लावले, आणि त्यांच्या आवाजात मागच्यांना ऐकू येत नाही म्हणून खुर्च्या अर्धगोलात मांडल्या. सिरोंच्याहून आलेल्या एक कृषी सहायक ताई आदल्या दिवशीच निघून रात्री नागपुरात पोचल्या होत्या. इतक्या लांबून आलेल्या माणसाला आपण पासवर्ड बदलायला शिकवणार आहोत का, असं मी स्वतःला विचारलं. पहिल्या दिवशी संगणक सुरूच केले नाहीत.

त्याऐवजी ठिबक संचाच्या अनुदानाच्या एका देयकाची प्रत, शेतकऱ्याचं नाव झाकून, फळ्यावर चिकटवली आणि विचारलं, "हे पैसे कुणाचे?" केंद्राचे, राज्याचे, वर्ल्ड बँकेनं फुकट दिलेले, अशी उत्तरं आली. तिघांनी एफसीआरएचं नाव घेतलं. तो गोंधळ तिथेच सोडवावा लागला. एफसीआरए म्हणजे परकीय अंशदान विनियमन कायदा, २०१०. तो स्वयंसेवी संस्थांना मिळणाऱ्या परदेशी देणग्यांसाठी आहे. सरकार-सरकारमधल्या किंवा जागतिक बँकेसारख्या संस्थेच्या कर्जाशी त्याचा संबंध नाही. मग त्या देयकापासून दिल्लीपर्यंत आणि तिथून परत कोषागारापर्यंत खडूने रेघ ओढली. प्रत्येक टप्प्यावर कोण बसलेलं असतं आणि त्याला कोणता आकडा लागतो, ते लिहीत गेले.

त्यानंतर एक छोटा हिशेब मांडला. जागतिक बँकेच्या आयबीआरडी या कर्ज देणाऱ्या शाखेच्या कर्जात मंजूर होऊनही न उचललेल्या रकमेवर तेव्हा वर्षाला ०.२५ टक्के शुल्क लागायचं. १०० कोटी रुपये वर्षभर उचलायचे राहिले तर २५ लाख नुसते शुल्कात जायचे. सभागृह एकदम शांत झालं. गोंदियाचे एक लिपिक हळूच म्हणाले, "म्हंजे आमची नोंद लेट झाली का मीटर चालूच राह्यते?" होय, तसंच आहे. त्या वाक्यानंतर 'हे काऊन भरायचं' हा प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही.

'कमिटमेंट', 'डिस्बर्समेंट' आणि 'एक्स्पेंडिचर' या तीन शब्दांसाठी मी मराठी शब्द ठरवले होते: वचनबद्ध रक्कम, वितरित रक्कम, प्रत्यक्ष खर्च. पण शब्दांनी काम झालं नाही, मेट्रोनं झालं. नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेचं ५० कोटी युरोचं आणि फ्रान्सच्या एएफडी या विकास संस्थेचं १३ कोटी युरोचं कर्ज आहे. सीताबर्डीला जिन्यावर उभं राहिलं की तो पैसा डोळ्यांना दिसतो. मी विचारलं, करारावर सही झाली त्या दिवशी नागपूरला किती पैसे मिळाले? जवळजवळ सगळे म्हणाले, ६३ कोटी युरो. खरं उत्तर शून्य. सही झाली म्हणजे वचन मिळालं. पैसा कामाच्या प्रगतीप्रमाणे, मागणी जाईल तसा येतो. मग दुसरा प्रश्न: ५० कोटी युरो म्हणजे किती रुपये? ७५ चा दर धरणाऱ्यांचे ३,७५० कोटी आले, ९० धरणाऱ्यांचे ४,५०० कोटी. गणित दोघांचंही बरोबर, फरक ७५० कोटींचा. म्हणून मूळ चलन, दर आणि दराची तारीख या तीन गोष्टी नोंदीत सोबत असल्याच पाहिजेत. नुसता रुपयातला आकडा वर्षभरानं कुणालाच पडताळता येत नाही.

तिसरा घोळ दुबार मोजणीचा. देणारा म्हणतो मी दिले, केंद्र म्हणतं मी पुढे पाठवले, राज्य म्हणतं मी खर्च केले, आणि कुणीतरी तिन्हींची बेरीज करून मोकळा होतो. २००८ साली घानातल्या आक्रा इथे सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय मदत पारदर्शकता उपक्रमाच्या नमुन्यात प्रत्येक व्यवहाराला प्रकाराचा कोड असतो, वचनबद्धतेला २, वितरणाला ३, खर्चाला ४. आमची प्रणाली त्या नमुन्याची नव्हती, तरी ही कल्पना मी उचलली आणि सगळ्यांना वहीत लिहायला लावली. नेपाळचं अर्थ मंत्रालयही परदेशी सहाय्याच्या नोंदी ठेवतं, आणि त्यांचं आर्थिक वर्ष श्रावणापासून, म्हणजे जुलैच्या मध्यापासून धरलं जातं. आपलं एप्रिल ते मार्च, जागतिक बँकेचं जुलै ते जून. 'या वर्षीचा खर्च' म्हटलं की कुणाचं वर्ष, हे विचारायची सवय त्या उदाहरणानं लागली.

सगळ्यात जास्त वेळ मात्र गावांच्या नावांत गेला, आणि तो मी आनंदानं दिला. सावंगी, खापरी, पिंपळगाव या नावांची गावं आपल्याकडे ठिकठिकाणी आहेत. गडचिरोलीत एकाच तालुक्याचं नाव कुणी एटापल्ली लिहितं, कुणी येटापल्ली. संगणकाला ही दोन वेगळी ठिकाणं. नावावरून बेरीज केली की खर्च दोन जागी फुटतो, आणि एका तालुक्यात काहीच झालं नाही असं कागदावर दिसतं. म्हणून नाव वाटेल तसं लिहा, पण २०११ च्या जनगणनेतला गावाचा सहा आकडी कोड चुकवू नका, असा नियम केला. तारखेचंही तसंच. ०४-०५ म्हणजे ४ मे की ५ एप्रिल? एका तालुक्याचं संपूर्ण पान असं उलटं गेलं होतं आणि त्यातला काही खर्च चुकीच्या तिमाहीत पडला होता.

शेवटच्या दिवशी परीक्षा म्हणून मी ५० ओळींची एक यादी दिली. तिच्यात मुद्दाम १२ चुका पेरल्या होत्या. सिरोंच्याच्या ताईंनी १३ काढल्या. तेरावी माझी होती, नकळत राहिलेली. एका ओळीत ठिबकच्या देयकाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची होती. "मॅडम, पूर्वसंमती मिळायच्या आत संच घेतला तर अनुदान बसत नाही. हा खर्च बँक धरणार नाही," त्या म्हणाल्या. २२ वर्षं देयकं तपासूनही मला ती दिसली नव्हती. शेतावर जाऊन मोका तपासणी करणाऱ्या बाईंना एका नजरेत दिसली. त्यानंतरच्या प्रत्येक तुकडीत मी लेखा लिपिक आणि कृषी सहायक यांना जोडीनंच बसवलं, एका संगणकावर दोघं. नोंद पक्की करायच्या आधी एकानं कागद वाचायचा आणि दुसऱ्यानं शेत आठवायचं.

प्रणालीबद्दल मी तक्रारीही वर पाठवल्या. पडदा फक्त इंग्रजीत होता. मराठी सूचना मागितल्या, त्या सात महिन्यांनी आल्या. तालुक्यातलं इंटरनेट गेलं की भरलेला अर्ज पुसला जायचा. तो प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही.

मग बदल्या आल्या. शिकवलेल्यांपैकी नऊ जण महिनाभरात दुसऱ्या कामावर गेले. मला खरोखर वाईट वाटलं, कारण शिकलेलं त्यांच्यासोबतच गेलं. त्यानंतर दोन गोष्टींसाठी हट्ट धरला. प्रत्येक कार्यालयातून दोघांनी शिकायचं. आणि कार्यभार सोडताना प्रभार यादीत या नोंदींचं एक पान जोडायचं: कोणती तिमाही कुठवर भरली, कोणते दावे अडकले, कोणत्या देयकाची प्रत कोणत्या फाइलमध्ये आहे. आमच्या कार्यालयातल्या साहेबांनी दुसऱ्या भेटीतच सही केली.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी सरकार नागपुरात येतं आणि आमच्या शाखेत दिवे उशिरापर्यंत जळतात. त्या वर्षी प्रकल्पाच्या परदेशी निधीवर तारांकित प्रश्न लागला: किती मिळाला, किती खर्च झाला, जिल्हानिहाय. पूर्वी अशा प्रश्नाला आम्ही एकच आकडा पाठवायचो, आणि तो नेमका कशाचा, हे आम्हालाही सांगता आलं नसतं. या वेळी तीन रकाने केले, वचनबद्ध, वितरित, खर्च, आणि प्रत्येकाखाली तारीख. सहापैकी पाच जिल्हे दुपारपर्यंत जुळले. सहाव्यात एका तालुक्याच्या दोन ओळी कोषागाराच्या आकड्याशी जुळेनात. तिथला लिपिक नवा होता, पण त्याच्या हातात ते प्रभार यादीचं पान होतं. त्यानं फोनवर मला फाइलचा क्रमांक वाचून दाखवला, कपाट उघडलं, तासाभरानं परत फोन केला: एका देयकाची मूळ प्रत फाइलमध्ये नाही.

त्या दोन ओळी वगळल्या आहेत अशी टीप घालून उत्तर रात्री साडेनऊला गेलं. प्रणालीत त्या अजून 'प्रलंबित' दिसतात. प्रत शोधायला मी सोमवारी स्वतः त्या तालुक्याला जाणार आहे.